देवदूतांच्या अकादमीवर किशोर कादंबरी लिहायचीय? मग पंख सगळ्यात शेवटी

प्रशिक्षण घेणाऱ्या देवदूतांवर कादंबरी लिहायला घेतली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी रुतते. पहिल्या पाच-सहा प्रकरणांत ढगांवरचा किल्ला, चार वसतिगृहं, पंखांचे रंग, गणवेश आणि नायिकेचं पहिलं उड्डाण उरकतं. पुढे काय घडायचं हे लेखकालाच ठाऊक नसतं. मग कुठून तरी काळ्या पंखांचा एक देखणा मुलगा उगवतो आणि उरलेली कादंबरी त्याच्या मागे भरकटते.

कल्पनाशक्ती कमी पडते असं नाही, क्रम चुकतो. शाळा आधी बांधली जाते आणि तिथे शिकवायचं काम नंतर शोधलं जातं. स्वतःचा मजकूर तपासायचा असेल तर ‘देवदूत’ हा शब्द खोडून तिथे ‘जादूगार’ घाला. काहीच बिघडलं नाही, तर ती देवदूतांची कादंबरी नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## तयारी: काय वाचायचं आणि काय टिपायचं

चित्रांतली गुबगुबीत बाळं आणि मालिकांमधले जाकीटवाले देवदूत बाजूला ठेवा. मूळ मजकूर लहान आहेत. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात, ६व्या अध्यायातल्या सराफीम नावाच्या देवदूतांना सहा पंख आहेत, पण उडायला त्यांतले दोनच. दोन तोंड झाकायला, दोन पाय झाकायला. बायबलच्याच यहेज्केल या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात चार तोंडांचे जीव आहेत आणि डोळ्यांनी भरलेली चाकं आहेत. दानीएलच्या १०व्या अध्यायात निरोप घेऊन निघालेला दूत २१ दिवस वाटेत अडकतो आणि मीखाएल हा दुसरा देवदूत मदतीला आल्यावर सुटतो. तोबितच्या ग्रंथात राफाएल हा देवदूत ओळख लपवून एका तरुणाबरोबर प्रवास करतो, आणि त्याने सांगितलेल्या माशाच्या पित्ताने त्या तरुणाच्या आंधळ्या बापाला पुन्हा दिसू लागतं. इस्लामी परंपरेत फरिश्ते (देवदूत) नूरापासून, म्हणजे प्रकाशापासून, घडलेले आहेत, आणि माणसाची बरी-वाईट कृत्यं लिहून ठेवणारे किरामन कातिबीन आहेत.

वाचताना देवदूत दिसतो कसा हे टिपत बसू नका. तो करतो काय, तेवढंच लिहा. यादी साधारण अशी होते: निरोप पोचवणं, राखण करणं, वाट दाखवणं, नोंद ठेवणं, प्राण घेऊन जाणं, दारावर उभं राहणं. तुमच्या अकादमीचा अभ्यासक्रम इथेच तयार झाला.

ख्रिस्ती परंपरेतली देवदूतांच्या नऊ श्रेणींची प्रसिद्ध उतरंडही हाताशी ठेवा, मात्र नवांच्या नऊ कादंबरीत कोंबू नका. हुकूम जिथून येतो ती एक आणि तुमची मुलं जिथे आहेत ती एक, एवढ्यावर भागतं. लक्षात ठेवा, त्या उतरंडीत महादूत खालून दुसरे आहेत. त्यांना सर्वोच्च पदावर बसवणाऱ्या लेखकाला जाणकार वाचक लगेच पकडतो.

सावधान: एका परंपरेतली नावं आणि दुसरीतले नियम यांची खिचडी करू नका. ‘पतित देवदूत’ ही कल्पना जशीच्या तशी इस्लामी चौकटीत बसत नाही. कुराणाच्या १८व्या सुरेत (अध्यायात) इब्लिसला, म्हणजे सैतानाला, स्पष्टपणे जिन्नांपैकी म्हटलंय. एक चौकट घ्या, नाहीतर सगळंच स्वतःचं घडवा. आणि लोक ज्यांचं नाव आदराने घेतात अशा दूतांना विसरभोळे मुख्याध्यापक करण्याचा मोह टाळा. विनोदासाठी स्वतःची पात्रं तयार करायला कोण अडवतंय?

## टप्पा १: देवदूताला शिकावं का लागतं?

हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही, आणि सगळी अकादमी तर त्याच्यावरच उभी असते. १३व्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने मांडलंय की देवदूत माणसासारखा पायरीपायरीने तर्क करत शिकत नाही. त्याला जे कळतं ते एका दृष्टीत कळतं, आणि एकदा केलेली निवड तो बदलत नाही. हे खरं धरलं तर वर्ग, गृहपाठ, परीक्षा, पश्चात्ताप सगळंच बाद! तुमच्या जगात हे बाद का नाही, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. साधारण तीन उत्तरं वापरात आहेत.

मेलेली मुलं देवदूत होतात. ख्रिस्ती धर्मशिकवणीत माणूस मरून देवदूत होत नाही. लोकांच्या कल्पनेत मात्र होतो, त्यामुळे कादंबरीत चालून जातं. पण मग प्रत्येक पात्राच्या पाठीशी एक मरण आणि मागे राहिलेलं एक घर आहे. पहिल्या दिवशी वसतिगृहात उशांची मारामारी दाखवताना हे विसरलात तर ती मुलं कागदी वाटतात.

मुलं देवदूत म्हणूनच जन्मतात, पण अर्धवट. भूक, दुखापत, कंटाळा, मरण यांतलं काहीच त्यांना माहीत नाही, आणि ज्यांची राखण करायची त्यांचं आयुष्य याच गोष्टींनी भरलेलं आहे. शिकण्याचं कारण आपोआप मिळतं, विनोदाला जागा मिळते आणि पुढे दुःखालाही. मला हा पर्याय सगळ्यात सकस वाटतो.

अर्धे माणूस, अर्धे देवदूत. हनोखाच्या या प्राचीन यहुदी ग्रंथात हर्मोन डोंगरावर उतरलेले २०० ‘पहारेकरी’ देवदूत आणि त्यांची राक्षसी संतती आहे, त्यामुळे आधार भक्कम आहे. पण हा रस्ता ‘तीच ती निवडलेली’ या गावालाच जातो. नवख्याने टाळावा.

सावधान: पहिला पर्याय घेतलात तर आत्महत्या हे अकादमीचं प्रवेशद्वार होऊ देऊ नका. वाचक १४-१५ वर्षांचा आहे. मेल्यावर पंख, मित्र आणि मान मिळतो असं चित्र त्याच्या हाती देणं धोक्याचं आहे. असं पात्र हवंच असेल तर मरणाची पद्धत लिहू नका, त्याचं बक्षीस देऊ नका आणि मागे राहिलेल्या माणसांना कथेतून गायब करू नका.

तपासणी: ‘माझ्या जगातले देवदूत शिकतात, कारण…’ हे वाक्य पूर्ण करा. ते एका ओळीत मावलं नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: काम एक, बंदी तीन, किंमत एक

यादीतल्या सहा कामांपैकी तुमच्या नायिकेचं एकच काम निवडा. मग तिला काय *करता येणार नाही* ते ठरवा. शक्तींची यादी नंतर केली तरी चालते, बंदीची आधी हवी. पुढे सोयीसाठी एकच उदाहरण घेऊ. ईरा नावाची शिकाऊ देवदूत आहे, तिचं काम राखण. माणसाला स्पर्श करायचा नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. त्याने ठरवलेलं बदलायचं नाही. तिला येतं फक्त एक: माणसाचं लक्ष क्षणभर दुसरीकडे वळवणं.

आता किंमत. जितका वेळ ती त्याचं लक्ष वळवेल, तितका वेळ ती स्वतः बहिरी होईल. ‘थकवा येतो’, ‘नाकातून रक्त येतं’ असल्या किमती वाचकाला पाठ झाल्यात, आणि त्यांनी कथानकाचं काही अडतही नाही. बहिरेपणाने अडतं. परत बोलावणारी घंटा तिला ऐकू येणार नाही, मैत्रिणीने मारलेली हाक ऐकू येणार नाही. चांगली किंमत पुढच्या प्रसंगाचं बी पेरून जाते.

इथली सर्रास चूक म्हणजे अडचण आली की नवी शक्ती उगवणं. १८व्या प्रकरणात नायिकेला अचानक काळ थांबवता येऊ लागला, तर आधीच्या सतरा प्रकरणांतल्या भीतीला काही किंमत उरत नाही. नियम वाकवायचा असेल तर तो वाकतो हे पहिल्या चौथाईत, बिनमहत्त्वाच्या प्रसंगात दाखवून ठेवा.

## टप्पा ३: खालचा माणूस आधी, नायिका नंतर

देवदूत कुणाचा तरी असतो. हा ‘कुणाचा तरी’ बहुतेक हस्तलिखितांत नसतोच. असला तरी रस्ता ओलांडणारं लहान मूल, एका पानापुरतं. त्याला पूर्ण पात्र करा: कामधंदा, सवयी, खोड्या, न सांगितलेलं एखादं दुखणं. त्याला राखण नको असेल तर फारच उत्तम.

ईराच्या वाट्याला आलेला माणूस पन्नाशीचा लिफ्ट-मेकॅनिक आहे, कुणाचं ऐकून न घेणारा. असा प्रसंग नवखा लेखक कसा लिहितो ते बघा:

*ईराने डोळे मिटले. तिच्या हातांतून सोनेरी प्रकाश वाहू लागला. लिफ्ट जागच्या जागी थांबली. तो वाचला होता.*

आता तोच प्रसंग नियमांत राहून:

*तो खड्ड्यात उतरला तेव्हा फोन कानालाच होता. मुलगी काहीतरी विचारत होती आणि तो ‘बघू’ म्हणत होता. लाल बटण त्याच्या उजव्या खांद्यामागे होतं. रोज उतरल्या उतरल्या तो ते आधी दाबायचा. आज नाही. ईराने त्याची नजर ओढली. बटणाकडे नाही, इतकी अचूक ती अजून झालीच नव्हती. बटणाखालच्या भिंतीवर सरकणाऱ्या पालीकडे. त्याने शिवी हासडली, मागे वळला, आणि वळल्यावर त्याला बटण दिसलं. हात आपोआप गेला. वर केबल थरथरली असेल, ईराला ऐकू आली नाही. घंटाही नाही.*

दुसऱ्या उताऱ्यात प्रकाश नाही, चमत्कार नाही. निर्णय माणसाचाच राहिला, नायिकेचं कच्चेपण दिसलं आणि न ऐकलेल्या घंटेने पुढचं प्रकरण उघडलं. पाल जमून आली ती ‘फक्त लक्ष वळवता येतं’ या बंदीमुळे. प्रसंग सुचत नसेल तर बंदी आणखी घट्ट करा, मोकळी नको.

तपासणी: खालच्या माणसाच्या आयुष्यातला एक पूर्ण दिवस देवदूताशिवाय लिहून काढा. तो कादंबरीत येणार नाही. पण लिहिताना कंटाळा आला तर माणूस बदला.

## टप्पा ४: नायिका

देवदूताचा मुख्य गुण आज्ञापालन, आणि किशोरवयाचं मुख्य काम ‘का?’ विचारणं. सगळी कादंबरी या दोहोंच्या घर्षणावर चालते. म्हणून नायिकेला दुर्मीळ रंगाचे पंख देऊ नका, तिला एक अवघड प्रश्न द्या. ईराचा प्रश्न: ‘माणसाने स्वतः चुकीचं ठरवलं तरी मी फक्त बघत उभी राहायचं का?’

दोन्ही बाजू खऱ्या हव्यात. अकादमी दुष्ट आणि नायिका बरोबर, असं पहिल्या प्रकरणातच ठरून गेलं की वाचकाला डोकं चालवायला काही उरत नाही. ही बंदी घालणाऱ्याकडे चांगलं, दुखरं कारण असू द्या, आणि ते अर्ध्यानंतर कळू द्या.

## टप्पा ५: अकादमी वेळापत्रकापासून बांधा

आता शाळा. नकाशा काढू नका, एका साध्या मंगळवारचं वेळापत्रक लिहा. पहिला तास नोंदीचा: काल खाली जे पाहिलं ते विशेषणं न लावता लिहायचं. दुसरा निरोपाचा: तीन वाक्यांचा निरोप एका शब्दाचीही भर न घालता पोचवायचा. तिसरा दाराचा: नुसतं उभं राहायचं, दोन तास, कुणालाही आत न सोडता. हा तास वर्गात सगळ्यात नावडता असणार आणि शेवटच्या प्रकरणात नेमका तोच कामाला येऊ शकतो. असं वेळापत्रक असलं की जिने आणि घुमट आपोआप जागेवर बसतात.

मग हे ठरवून टाका, उत्तरं प्रत्येकी एका ओळीत. नापास झालं तर काय होतं? परीक्षा कुठे होते? (अकादमीच्या आवारात नको, खाली, माणसांत.) वरचा काळ आणि खालचा काळ सारखाच चालतो का? नसेल तर हिशेब मांडून ठेवा, नाहीतर एका सत्रात खालचा माणूस कधी दोन वर्षांनी म्हातारा होतो आणि कधी दोन दिवसांनी. अनुभव नसेल तर दोन्हीकडे घड्याळ एकच ठेवा.

स्वभावानुसार चार गटांत वाटणी हा प्रकार सोडा. तो इतका वापरून झालाय की वाचक पुढचं पान उलटायच्या आधी कोण कुठल्या गटात जाणार ते सांगतो. वाटणी करायचीच तर कामानुसार करा: निरोपवाले, नोंदवाले, राखणवाले. त्यांच्यातली तेढ खरी वाटेल. नोंदवाल्यांना सगळं दिसतं पण हात लावायची मुभा नाही, आणि राखणवाल्यांच्या प्रत्येक चुकीची नोंद तेच करतात.

नावांचीही गोची होते. मीखाएल, राफाएल, उरीएल यांच्या चालीवर सगळ्यांची नावं ‘-एल’ने संपवली की तिसऱ्या प्रकरणात वाचकाला कोण कोण ते कळेनासं होतं. तशी नावं एक-दोनच ठेवा, तीही शिक्षकांना. मुलांच्या नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी असू द्या.

## टप्पा ६: प्रेम, आणि आडोशाचा नियम

मैत्री आणि वैर लिहायला फारसं कुणाला शिकवावं लागत नाही. प्रेमात मात्र दोन खड्डे आहेत. चारशे वर्षांचा देवदूत आणि सोळा वर्षांची मुलगी ही जोडी, तो कितीही कोवळा दिसत असला तरी, करू नका. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. देवदूत ज्याची राखण करते त्याच्याच प्रेमात पडते. तो बिचारा एकटा समजून वावरतोय आणि ती त्याला रात्रंदिवस न्याहाळतेय. याला प्रेम म्हणण्याआधी पाळत म्हणावं लागेल. असं कथानक हवंच असेल तर ही गोष्ट त्याला कळू द्या आणि त्याला चिडू द्या.

इथेच आडोशाचा नियम ठरवून टाका: माणूस अमुक ठिकाणी असताना राखणदार पाठ फिरवतो. हसू येईल, पण चौदा वर्षांच्या वाचकाचा पहिला प्रश्न न्हाणीघराबद्दलच असतो. उत्तर तयार नसेल तर तो तुमच्या जगावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ७: आता पंख

भटक्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचे पसरलेले पंख साडेतीन मीटरपर्यंत जातात, आणि तो पक्षी असतो साधारण दहा किलोचा. तुमच्या विद्यार्थिनीचं वजन त्याच्या पाचपट आहे. असे तीस जण एका वर्गात बसवून बघा. पाठीच्या खुर्च्या चालणार नाहीत, स्टुलं लागतील. दारं रुंद लागतील. उताणं झोपता येणार नाही. सदरा डोक्यातून घालायचा की पाठीमागे बंद बांधायचे, हे ठरवा. सगळं एकदम सांगू नका. कुणी घाईत दारात अडकलं, एवढं पुरे.

पक्ष्यांकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. बदकं वर्षातून एकदा उडण्याची सगळी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. शिकाऊ देवदूतांचं असं होत असेल तर? पिसं झडलेली, खाजणारी, चिडचिडी, सगळ्यांसमोर ओशाळलेली पोरं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात परीक्षा. वयात येण्याचा अवघडलेपणा एकही भाषण न देता पानावर उतरतो.

तपासणी: पंख काढून टाकले तर कादंबरीतले किती प्रसंग कोसळतात? एकही नाही? मग पंख नुसती सजावट आहे. निदान तीन प्रसंग त्यांच्यावर उभे राहायला हवेत.

## टप्पा ८: आराखडा आणि पहिलं प्रकरण

पन्नास ते सत्तर हजार शब्द धरा, पंचवीस-तीस प्रकरणं. पहिल्या चौथाईच्या शेवटी नायिकेकडून बंदी मोडली जाते, आणि त्याने भलं झाल्यासारखं वाटतं. मध्यावर त्या भल्याचा परिणाम दुसऱ्याच कुणाला भोगावा लागतो. त्यानंतर राखण तिच्याकडून काढून घेतली जाते. शेवटी निवड: नियम, माणूस, की स्वतःचं स्थान. महायुद्धाची गरज नाही. आकाशभर तलवारी चमकल्या की खालचा माणूस दिसेनासा होतो.

पहिलं प्रकरण खालीच सुरू करा, काम चालू असताना. प्रवेशपत्र, प्रवास, फाटकापाशी आ वासणं, स्वागताचं भाषण हे सगळं कापा. नवा विद्यार्थी आणून त्याला शाळा फिरवून दाखवणं ही सोय आहे, कथा नव्हे. ईराची कादंबरी लिफ्टच्या खड्ड्यात सुरू होईल. अकादमी पहिल्यांदा दिसेल ती न ऐकलेल्या घंटेबद्दल जाब विचारला जाताना.

## टप्पा ९: बोलणं

‘हे वत्सा, तुझी घटिका समीप आली आहे’ असं बोलणारे शिक्षक दोन पानांत नकोसे होतात. प्राचीन माणूस जुनाट बोललाच पाहिजे असं नाही. कमी बोलू द्या आणि त्याला प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देऊ देऊ नका. मुलं शिक्षकांना अहो-जाहो करणार की अरे-तुरे, हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. जिथे एखादं पात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतं, तिथे काहीतरी तुटलेलं किंवा जुळलेलं असलं पाहिजे. मुलांच्या तोंडी यंदाची ताजी बोली घालू नका, पुस्तक बाजारात येईपर्यंत ती शिळी होते. त्यापेक्षा अकादमीतले त्यांचे स्वतःचे दोन-चार शब्द घडवा. दाराच्या तासाला ही पोरं ‘खांबगिरी’ म्हणत असतील, नाही का?

## टप्पा १०: दुरुस्ती, तीन फेऱ्यांत

सगळ्या चुका एका वाचनात धरायला जाऊ नका. पहिल्या फेरीत फक्त नियम बघा. बंदी किंवा किंमत जिथे लागू व्हायला हवी होती अशा प्रत्येक जागी खूण करा आणि तिथे ती झाली का ते तपासा. ईराने लक्ष वळवलं आणि पुढच्याच ओळीत कुणाशी गप्पा मारल्या, असं हमखास सापडतं. दुसऱ्या फेरीत खालचा माणूस मोजा. तो सलग तीन प्रकरणं गायब असेल तर मधलं काहीतरी कापायचंय, बहुधा शाळेतला एखादा समारंभ. तिसऱ्या फेरीत प्रकाश, तेज, दिव्य, सोनेरी, अलौकिक हे शब्द शोधा आणि दहातले नऊ उडवा.

यानंतरच हस्तलिखित १३ ते १६ वयाच्या वाचकांकडे द्या. घरातल्यांकडे नको, ते कौतुक करतात. ‘आवडलं का?’ विचारू नका. विचारा: ईराला काय करायची बंदी आहे? खालच्या माणसाला काय हवंय? कुठल्या पानावर हातात फोन घेतला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं न अडखळता आली नाहीत तर टप्पा २ आणि ३ वर परत जा. तिसऱ्याचं उत्तर म्हणून दोघांनी एकच पान सांगितलं तर ते पान काढून टाका, त्यात पहिलं उड्डाण असलं तरी.